पाववाल्या यूननचे मैल

सीमेवरच्या स्ट्रबेन गावात यूनन मॅकमेनमिन कुठं राहतो असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील, कारण तिथं मॅकमेनमिन पायलीला पन्नास. पाववाला यूनन म्हणा, की भेटेल ती म्हातारी हात धरून दारापर्यंत नेऊन पोचवील. एकतीस वर्षं त्यानं बेकरीची व्हॅन चालवली, नदीच्या अलीकडेही आणि पलीकडेही. पुलावर सैनिकांची चौकी होती तेव्हाही, आणि ती उठली त्यानंतरही. लिफर्डचा पूल ओलांडला की देश बदलतो, नोटा बदलतात, पण सोड्याचा पाव दोन्हीकडे तसाच लागतो, असं तो म्हणायचा. बर्फ पडो की संप होवो, यूननचा पाव कधी चुकला नाही.

माणूस गोड होता, यात वाद नाही. रोजची चाळीस दारं आणि दर दाराला दोन मिनिटं. "काय गं नोरा, अजून आहेस होय? मला वाटलं नेलं तुला!" म्हातारी खिदळायची, "मेल्या, तुझ्याआधी नाही जायची मी," आणि ती पुढचं काही बोलेस्तोवर स्वारी शेजारच्या फाटकाशी. त्या दोन मिनिटांत त्याचा हात धरणारा सगळ्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. तिसरं मिनिट मात्र त्याला जड जायचं. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण पाववाल्यानं तिसरं मिनिट थांबावं असं कुणाला वाटतच नाही. त्याचं लग्न का राहिलं, याचं उत्तरही बहुधा तिथंच कुठंतरी असावं.

बेकरी बंद पडली आणि व्हॅन गेली, त्याच वर्षी आई खचायला लागली. आई, म्हणजे कॅसी, पलीकडे डोनेगलात, ग्लेनफिनच्या खोऱ्यात जुन्या घरी एकटी राहायची. स्ट्रबेनपासून वीस मैल. धाकट्या बहिणीचं नाव मजेला; ती ग्लासगोला, इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायला. ती पहिल्यापासून नाकावर माशी बसू न देणारी. तिनं फोनवरच निकाल लावला.

"हप्त्यावर गाडी घेऊ. कागद तुझ्या नावावर, हप्ता माझ्याकडे. पण रोज संध्याकाळी आईकडे जायचं, यूनन. एक दिवस चुकवायचा नाही."

"अगं, मी कुणाचा पाव चुकवला नाही, आईला चुकवीन?"

असं म्हणताना तो खोटं बोलत नव्हता. पहिलं वर्षभर तो जवळजवळ रोज गेला. चहा करायचा, चुलीत पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, ढेकळं घालायचा, नोराचा गुडघा आणि पाद्रीबुवांचा कुत्रा या दोन्ही बातम्या सांगायचा. तेवढ्यात त्याच्याजवळचं सगळं संपायचं. मग आई भिंतीकडे बघत बसायची आणि हा घड्याळाकडे. दोन तास बसायचं ठरलेलं. पाऊण तासात त्याचे पाय दाराकडे वळायचे. दुसऱ्या वर्षी आठवड्यातले पाच दिवस उरले, मग चार. कधी पाऊस, कधी सर्दी, कधी काहीच नाही. कधी तो निम्म्या वाटेवर बॅलिबोफेपर्यंत जायचा, दुकानासमोर गाडी लावून बटाट्याचे काप खायचा आणि परत फिरायचा. आपण असे का वागतो, हे त्यानं स्वतःला एकदाच विचारलं आणि उत्तर येण्याआधी रेडिओ लावला.

शेवटच्या हिवाळ्यात तर आईनं त्याला मोकळंच केलं. तिला कुणाचंच नाव आठवेना, पण त्याचा चेहरा मात्र कुठंतरी अडकून राहिला होता. "पाववाला आला वाटतं," ती म्हणायची. "दोन ठेव खिडकीत आणि नीघ बाबा तू. तुझी अजून घरं राहिली असतील." आणि तो निघायचा. खरोखर निघायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी टेरेसा बॉनर आली. ही सरकारी मदतनीस, रोज सकाळी येऊन म्हातारीला न्हाऊमाखू घालणारी. तेव्हा कॅसी स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, काल रात्री कधीतरी गेली असावी, नेमकं सांगता येत नाही. गुरुवारी संध्याकाळी यूनन गेला नव्हता. बुधवारीही नव्हता. गुरुवारी तो आपल्या घरी टीव्हीवर स्नूकर बघत बसला होता, सामना रंगात आला होता म्हणून.

मजेला संध्याकाळपर्यंत येऊन पोचली. शेवटच्या दर्शनाला आलेली माणसं घरात मावत नव्हती, चहाच्या किटल्या फिरत होत्या, शेजारणींनी सँडविचचे ढीग लावले होते. ती आईच्या हातावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "शेवटी एकटीच गेली रे." त्या आवाजानं यूननला गलबलून आलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "एकटी कुठली? आठ वाजता तर मी निघालो तिच्यापासून. चुलीपाशी बसली होती छान. तुझं नाव काढलं तिनं. म्हणाली, माझी मजेला कधी येणार?"

मजेलानं ते वाक्य जे धरलं ते सोडलंच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती तेच सांगत राहिली. पाद्रीबुवांना सांगितलं, ग्लासगोला फोन करून धुलाईघरातल्या बायकांना सांगितलं. "तेहतीस वर्षं परक्या गावात दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, आईच्या म्हातारपणात जवळ नव्हते, पण शेवटचं नाव तिनं माझं घेतलं." गोड बोलून पुढच्या दाराकडे सटकायचं, हा यूननचा जन्माचा धंदा. या वेळी सटकायला पुढचं दारच नव्हतं.

आईच नाही तर गाडी कशाला, म्हणून ती परत द्यायची ठरली. एकूण रकमेपैकी अर्ध्याच्या वर पैसे भरून झाले असले की मुदतीआधी गाडी परत करता येते, असा कायदा आहे, आणि मजेलाला तो तोंडपाठ होता. सीमेपासून लांबच्या अँट्रिमकडून हप्त्याच्या कंपनीचा एक जाडजूड माणूस आला. पावसात भिजत गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिले, आत वाकून ती किती चालली त्या आकड्यांचा फोटो काढला, यूननची सही घेतली आणि गाडी घेऊन गेला.

कंपनीचं पत्र आलं ते आईला जाऊन महिना झाल्याच्या मासच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, आठवड्यात. त्यासाठी मजेला पुन्हा आली होती आणि यूननकडे उतरली होती. सरकारी दिसणारं पाकीट दुसऱ्यानं उघडलेलं तिला चालत नसे. तिनं स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभ्याउभ्याच वाचलं. करार वर्षाला दहा हजार मैलांचा. पावणेतीन वर्षांत साडेसत्तावीस हजार व्हायला हवे होते. गाडी चालली त्रेचाळीस हजार दोनशे मैल. जादा मैलांचे चौदाशे पौंड अठ्ठावीस दिवसांत भरावेत. सोबत पुरावा म्हणून फोटो.

यूनननं फोटो हातात घेतला आणि त्याला सगळं एका नजरेत कळलं. आकड्याच्या शेपटीला पुसट, मुंगीएवढी दोन अक्षरं होती. ते मैल नव्हते, किलोमीटर होते. अलीकडे वेगाच्या पाट्या मैलांत असतात, पलीकडच्या रस्त्यांवर किलोमीटरमध्ये. पहिल्याच आठवड्यात तिकडच्या पोलिसानं पावती फाडली तेव्हा त्यानं गाडीतलं बटण दाबून काटा किलोमीटरवर घेतला होता आणि पुन्हा कधी हलवला नाही. सीमेवरचे अर्धे लोक असंच करतात. अँट्रिमच्या माणसाच्या ते स्वप्नातही येणार नाही. त्यानं आकडा बघितला आणि मैलांच्या रकान्यात लिहून टाकला. बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात यूननची नजर बहिणीकडे गेली.

मजेला पाकिटाच्या पाठीवर हिशोब करत होती. "जाऊन येऊन चाळीस मैल. हजार दिवस. झाले चाळीस हजार. वरचे तीन तुझ्या बाजारहाटाचे, चर्चचे." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "यूनन, तू एक दिवससुद्धा चुकवला नाहीस रे."

आणि ती रडायला लागली. आईच्या दफनाला जी रडली नव्हती, ती कंपनीच्या बिलावर डोकं ठेवून रडली. यूनन फोटो उलटा करून मिठाच्या डबीखाली सरकवून उभा राहिला.

"मी भरून टाकतो," तो म्हणाला.

"कशानं भरणार? दात कोरून? डोकं फिरलंय का तुझं? मरणाऱ्या आईकडे जायचे हे मैल आहेत. यांचे पैसे मागतात मेले! एक पेनी देणार नाही मी."

त्या क्षणापासून तिनं कंपनीशी उभा दावा मांडला. तिच्या अंगात लहानपणापासूनचा जो काही राग होता, त्याला अखेर एक पत्ता मिळाला. रोज सकाळी चहा झाला की फोन. थांबवून ठेवताना लावतात ती वाद्याची तीच ती सुरावट वाजत राहायची आणि मग केरी नावाची कंपनीची एक बाई फोनवर यायची.

"हे बघा केरी, अर्ध्याच्या वर भरलं की देणं संपलं. कायद्यात आहे. मैलांचा त्यात काय संबंध?"

"तुमच्या भावांनी मैलांच्या अटीवर सही केली आहे ना बाई. त्यांना फोनवर देता का?"

"ते दुःखात आहेत. माझ्याशी बोला. रोज आईकडे जायचा तो, रोज! तुम्हाला आई आहे की नाही, केरी?"

"आहे बाई."

"मग शरम वाटू द्या थोडी."

यूनन बाहेर कोळशाच्या खोपटात जाऊन उभा राहायचा. तिथंही तिचा आवाज यायचा. एक शब्द बोललं की बिल रद्द, हे त्याला दिसत होतं. आणि तो शब्द बोललं की चारशे संध्याकाळी उघड्या पडणार, त्यांच्यामागून तो गुरुवार, आणि त्याच्यामागून आईच्या तोंडचं ते नाव. बहिणीजवळ तेवढंच तर होतं. आपलं जे व्हायचं ते होवो, असं तो मनाशी म्हणायचा; पण आपली अब्रूही त्यातच गुंडाळलेली आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचीच त्याला किळस यायची.

रविवारी मास झाल्यावर चर्चच्या दारात ती सगळ्यांना आकडा सांगत होती. "त्रेचाळीस हजार मैल! पृथ्वीला एक चक्कर मारून वर उरले." लोक यूननचा हात हातात घेऊन दाबत होते. "पाववाल्या, तुझ्यासारखा मुलगा देवानं सगळ्यांना द्यावा." नोरानं तर त्याच्या गालाचा मुका घेतला.

केरीनं अखेर एक फट ठेवली. रोज कशासाठी जावं लागत होतं याबद्दल कुणा जबाबदार माणसाचं पत्र असेल तर वरच्या लोकांपुढे ठेवता येईल. मजेला तडक टेरेसाकडे गेली, यूननलाही ओढून नेलं. टेरेसा अंगणात धुणं काढत होती.

"फक्त एवढं लिही, की हा रोज संध्याकाळी यायचा."

टेरेसानं हातातली चादर घडी केली, मग पुन्हा उलगडून घडी केली. रोज सकाळी खिडकीत कोणता पाव आहे, कालचा की परवाचा, ताटलीवर झाकून ठेवलेलं जेवण कुणी गरम करून दिलं की तसंच राहिलं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती यूननकडे बघत म्हणाली, "मी सकाळची बाई. संध्याकाळचं काही लिहून देणार नाही मी, मजेला. मला ते विचारू नकोस."

"नोकरीचा नियम असेल," परतताना मजेला म्हणाली. "भित्री आहेत माणसं."  टेरेसाच्या नजरेत राग असता तर बरं, असं यूननला वाटत राहिलं. तिथं कंटाळा होता.

पाद्रीबुवांचं पत्र गेलं, मजेलाचं चार पानी पत्र गेलं. उत्तर आलं: आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, तथापि रक्कम कायम आहे. ती मुदत संपायला आठवडा होता आणि दुसऱ्या दिवशी मजेला ग्लासगोला परतणार होती.  तिनं टेबलापासून उठून पिशवीतून पाकीट काढलं, त्यातून बँकेचं कार्ड.

"हे काय करतेस?"

"भरते. तुझ्यावर जप्तीची पत्रं येऊ देणार नाही मी. उन्हाळाभर रविवारची पाळी घेईन."

"तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलास? तू हजार दिवस गेलास. मी तिथं बसून नुसते हप्ते भरले. हे माझ्याकडून आईसाठी समज." तिनं नंबर फिरवला, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. ती ओळखीची सुरावट वाजू लागली. मजेलाचा चेहरा कितीतरी दिवसांनी शांत दिसत होता. हे पैसे भरायला तिला आवडतंय, हे त्याला दिसलं, पण त्याचा अर्थ लावण्याइतका धीर त्याच्यात नव्हता. त्याला फक्त तिचे गुडघे दिसत होते, टेबलाखाली सुजलेले.

"ते किलोमीटर आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"आकडा किलोमीटरचा आहे, मजेला. मी काटा बदलला होता. पलीकडच्या पाट्यांसाठी."

तिनं फोटो ओढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला. आठानं भागायचं आणि पाचानं गुणायचं, हे सीमेवरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. सत्तावीस हजार. तिचा चेहरा क्षणभर उजळला, "अरे गाढवा, म्हणजे आपण एक पेनीसुद्धा..." आणि मग तिचे ओठ थांबले. ती हिशोब पुढं करत होती. बाजारहाटाचे तीन हजार वजा. चाळीसनं भाग.

"सहाशे," ती म्हणाली.

"असतील." तेवढेही नव्हते, पण बॅलिबोफेचं सांगायला त्याची जीभ उचलेना.

सुरावट वाजत होती. मजेला टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "सहाशे काही कमी नाहीत," ती हळूहळू म्हणाली. "हजारचे सहाशे. लोक तेवढंही करत नाहीत. माणूस थकतो." मग तिनं वर पाहिलं. "पण त्या गुरुवारी गेला होतास ना?"

दोन मिनिटांत काहीतरी गोड बोलायचं, आयुष्यभर त्याला जमत आलेलं. त्यानं तोंड उघडलंही.

"नाही," तो म्हणाला.

"आठ वाजता निघालास ना तू?"

"गेलोच नव्हतो. बुधवारीपण नाही."

"मग माझं नाव?"

 "तिला नोव्हेंबरपासून कुणाचंच नाव येत नव्हतं गं."

सुरावट तुटली. "थांबल्याबद्दल आभार, केरी बोलतेय. पैसे भरण्यासाठी फोन केलाय का?"

 केरीनं दोनदा हॅलो म्हटलं, तेव्हा मजेला बोलली. तिच्या आवाजात भांडण उरलं नव्हतं. "फोटो मोठा करून बघा. आकड्याच्या शेवटी काय लिहिलंय ते वाचा."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "अगंबाई! किलोमीटर. म्हणजे सत्तावीस हजारच की! मनापासून माफी मागते. आजच रद्द करते सगळं. तुमचं आता काहीही देणं नाही बाई."

"नाही," मजेला म्हणाली. "काहीही नाही."

तिनं फोन बंद केला. कार्ड पाकिटात ठेवलं, पाकीट पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन ओढली. यूनन उभा होता तिथंच उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

"मला भरू द्यायचे होतेस रे ते पैसे," ती म्हणाली.